पोटाची गोळी आणि ओठांची वळवळ : इंदूरमधले एक प्रकरण

काकू आल्या तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला होता. जानेवारी २०२४ मधली थंडीची सकाळ होती, त्यामुळे मला आधी वाटलं, गार वारा लागू नये म्हणून धरला असेल. पण खुर्चीत बसल्या तरी पदर खाली येईना. शेवटी सूनबाईच म्हणाल्या, "आई, डॉक्टरांना दाखवायलाच आलोय ना आपण?" तेव्हा पदर सरला. काकूंचे ओठ थांबतच नव्हते. आत मुडपले जायचे, पुढे यायचे, मिटक्या मारल्यासारखा बारीक आवाज व्हायचा. मधूनच जिभेचं टोक उजव्या कोपऱ्यातून डोकावून परत आत जायचं. उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता.

काकूंच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी: या सगळ्या साखळीतली पहिली चिठ्ठी माझ्या हातची आहे.

काकू तेव्हा ६७ वर्षांच्या. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, १२ वर्षांचा मधुमेह, साखर बरी आटोक्यात. रामबागेत माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं जुनं घर होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या पोटाची तक्रार घेऊन आल्या होत्या. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं, ढेकर यायचे, छातीत जळजळ व्हायची. मधुमेहात जठर रिकामं व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून मी आम्ल कमी करणारं रॅबेप्रझोल २० आणि अन्न पुढे सरकवणारं लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम एकत्र असलेली कॅप्सूल लिहिली, रोज सकाळी उपाशीपोटी एक. दोन आठवड्यांनी त्या आल्या, बरं वाटत होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं, "चालू ठेवा".

किती दिवस, ते लिहिलं नाही.

पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली. काकू दवाखान्यात येणं शक्यच नव्हतं, आणि त्याच चिठ्ठीवर मेडिकलवाला दर महिन्याला तीन स्ट्रिप घरपोच देत राहिला. त्या पट्टीवर लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. इथे चिठ्ठी होती, माझ्या सहीची होती. पुढे काकू मुलाकडे विजयनगरला राहायला गेल्या. डॉक्टर बदलले, मेडिकल बदललं, गोळी तीच राहिली. आमच्या इंदुरात सकाळचे पोहे, त्यावर शेव आणि जिरावण, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीतला फेरफटका यांच्या जोडीने गॅसची गोळी घराघरात असतेच. तिला कुणी औषध म्हणत नाही. नवीन डॉक्टरने "काय काय गोळ्या चालू आहेत" विचारलं की काकू साखरेची सांगायच्या, बीपीची सांगायच्या. गॅसची सांगायच्या नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये त्यांना चक्कर येऊ लागली. कुठेतरी सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेटची जोडगोळी मिळाली, दिवसातून तीनदा. चक्कर आठवड्याभरात थांबली, गोळी थांबली नाही. त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास सूनबाईंच्या लक्षात आलं की आई सतत काहीतरी चघळतात. त्यांना वाटलं सुपारी. मग वाटलं, कवळी सैल झाली असेल. कवळी नवीन केली. सहा महिन्यांनी तीही बदलली. २०२३ च्या उन्हाळ्यात हाताला कंप सुरू झाला, चाल मंदावली, पाय घासत पडू लागले. पार्किन्सन आहे असं सांगून लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू झालं. त्याने मळमळ होऊ लागली. मळमळीवर उपाय म्हणून गॅसची कॅप्सूल एकाची दोन झाली.

लेव्होडोपा मेंदूला डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, पुरवतं. लेव्होसल्पिराइड, म्हणजे त्या गॅसच्या कॅप्सूलमधलं औषध, पेशींवरची डोपामिनचीच दारं अडवतं. एका हाताने दिवा लावायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर फुंकर मारायची, असा हा प्रकार सात महिने चालला होता. आणि यात एकाही डॉक्टरने वेडंवाकडं काही केलेलं नव्हतं. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीवर औषध दिलं. फक्त ती तक्रार आधीच्या औषधातून आली असेल, असा प्रश्न कुणी विचारला नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मेटोक्लोप्रमाइड हे उलटी-मळमळीवरचं औषध घेणाऱ्या वयस्कर माणसांना पुढे पार्किन्सनचं औषध सुरू होण्याची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट असते. दुष्परिणामाला नवा आजार समजून त्याच्यावर आणखी औषध द्यायचं, हे जुनं दुखणं आहे.

हा सगळा इतिहास मला पहिल्या भेटीत मिळाला नाही. पहिल्या भेटीत मिळाली एक प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात अकरा प्रकारच्या गोळ्या. मी मुलाला सांगितलं, घरातली जुनी बिलं, चिठ्ठ्या सगळं आणा, आणि फोनमधले जुने व्हिडिओही आणा. आरतीचे, वाढदिवसाचे, कसलेही, पण काकू बोलत नसतील असे. बोलताना या हालचाली दबतात, त्यामुळे गप्प बसलेला माणूस बघावा लागतो. २०२१ च्या गणपतीच्या आरतीत काकू टाळ्या वाजवत उभ्या होत्या, ओठ स्थिर. २०२२ च्या आरतीत कडव्यांच्या मधल्या जागेत ओठांचे कोपरे हलताना स्पष्ट दिसत होते. म्हणजे नवी कवळी येण्याच्या आधीपासून. लेव्होसल्पिराइड सुरू होऊन दीड-दोन वर्षं झाली तेव्हा ओठ स्थिर होते, अडीच वर्षांनी हलत होते. बिलांवरच्या तारखा आणि फोनमधल्या तारखा एका वहीत मांडल्या, तेव्हा सर्वात वर माझी चिठ्ठी आली. ती चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. मग मुलाला ती दाखवली आणि सांगितलं, हे माझ्याकडून झालं आहे. तो काही बोलला नाही. काकूच म्हणाल्या, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणूनच दिली होती ना."

तपासणी कशी करायची हे सविस्तर सांगतो, कारण तिला महागडं काही लागत नाही. यासाठी एम्स नावाची एक मोजपट्टी वापरतात. दिल्लीच्या त्या संस्थेशी तिचा संबंध नाही, अमेरिकेत १९७६ पासून ती चालत आली आहे. चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय आणि धड, अशा सात जागांना शून्य ते चार गुण द्यायचे. माणूस हात नसलेल्या साध्या, कडक खुर्चीत बसवायचा. तोंडात काही नाही ना बघायचं. कवळी आहे का, बसते का, दात दुखतात का, विचारायचं. मी काकूंना कवळी काढायला लावली. सूनबाई संकोचल्या, काकू नाही संकोचल्या. कवळी वाटीत ठेवली आणि ओठ तसेच चालत राहिले. नव्या कवळीवर घातलेला खर्च कुठे गेला ते तिथेच कळलं.

मग जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितलं. तीन-चार सेकंदांत ती आपोआप आत जायची. तोंड उघडून जीभ आत आरामात ठेवायला सांगितली तर ती अळीसारखी वळवळत होती. आणि सगळ्यात उपयोगी चाचणी: हाताचा अंगठा एकेका बोटाला जलद लावायला सांगायचं आणि आपण हाताकडे न बघता तोंडाकडे बघायचं. मन हाताच्या कामात गुंतलं की दडलेली हालचाल बाहेर येते. काकूंच्या ओठांची गती दुप्पट झाली. एकूण गुण दहा.

हाताचा कंप आणि मंद चाल हा वेगळा भाग. इथे खरा पार्किन्सन की औषधाने आलेला, हा प्रश्न होता. काकूंना वास नीट येत होता. हिंगाची फोडणी माडीवर बसून ओळखायच्या. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं नव्हतं. दोन्ही बाजूंना ताठरपणा जवळपास सारखा होता. सात महिने लेव्होडोपा घेऊनही फरक पडलेला नव्हता. खऱ्या पार्किन्सनमध्ये बहुधा याच्या उलट दिसतं. यातली एकेक गोष्ट पुरावा नाही, पण चारही एकत्र आल्या की मन औषधाच्या बाजूला झुकतं. थायरॉइड, कॅल्शियम, साखर, बी-१२, मेंदूचा एमआरआय हे सगळं करून घेतलं, वयाला धरूनच होतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी बघितलं आणि निदानाला दुजोरा दिला: औषधजन्य पार्किन्सोनिझम, म्हणजे औषधाने आलेला पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा, आणि त्यावर टार्डिव्ह डिस्कायनेसिया.

टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा, डिस्कायनेसिया म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मानसिक आजारांसाठी वापरात आलं. तोंडाच्या या हालचालींचं वर्णन १९५७ मध्ये जर्मनीत झालं आणि १९६४ मध्ये त्यांना हे नाव मिळालं. म्हणून आजही बहुतेक डॉक्टरांच्या डोक्यात हा मनोरुग्णांचा दुष्परिणाम म्हणून बसला आहे. पण डोपामिनची दारं अडवणारी औषधं पोटासाठीही आहेत, चक्करेसाठीही आहेत. मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, प्रोक्लोरपेराझिन ही त्यातली नेहमीची नावं. सिनारिझिन आणि मायग्रेनसाठी दिलं जाणारं फ्लुनारिझिन हीदेखील वयस्कर माणसांत कंप आणि ताठरपणा आणतात. जठरात डोपामिन अडवलं की अन्न पुढे सरकतं. तेच औषध रक्तातून मेंदूत गेलं की हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या गाभ्यातही तेच करतं. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून त्याचा हा धोका खूप कमी. त्याची काळजी हृदयाच्या ठोक्यांबाबत घ्यावी लागते. दुकानात मात्र डॉम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड असलेल्या पट्ट्या सारख्याच दिसतात. नावाच्या शेपटीला 'डी' आहे की 'एल' किंवा 'एलएस', एवढाच फरक.

मेटोक्लोप्रमाइडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००९ मध्ये वेष्टनावर चौकटीतला इशारा बंधनकारक केला: १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. युरोपने २०१३ मध्ये त्याहून कडक भूमिका घेतली, जास्तीत जास्त पाच दिवस. लेव्होसल्पिराइड अमेरिकेत विकलंच जात नाही. कोरियात दिलं जातं, आणि तिथल्या डॉक्टरांनी २००९ मध्येच ९१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. बहुतेकांना पार्किन्सोनिझम झाला होता, काहींना तोंडाच्या हालचाली. मी ते २०२४ मध्ये वाचलं.

काकूंमध्ये धोक्याच्या खुणा सगळ्याच होत्या. वय, स्त्री असणं, मधुमेह. हे तिन्ही असलेल्या माणसाला हे औषध सुरू करताना थांबण्याची तारीख आधी ठरवायला हवी होती.

औषधं बंद करण्याचा क्रम आम्ही ठरवला तो असा. सिनारिझिन लगेच बंद, चक्कर दोन वर्षं आलेलीच नव्हती. लेव्होसल्पिराइड एकदम न तोडता उतरवायचं. कॅप्सूल तोडता येत नाही, म्हणून २५ मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या घेतल्या आणि दर आठवड्याला एकेक कमी केली. आम्लासाठी पँटोप्रझोल एकटं ठेवलं. लेव्होडोपाला अजून हात लावला नाही, कारण एकाच वेळी तीन गोष्टी हलवल्या तर काय कशाने झालं ते कळत नाही. जेवण दिवसात पाच वेळा थोडं थोडं, रात्रीचं सातच्या आत.

औषध शेवटचं थांबल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला मुलाचा फोन आला. "डॉक्टर साहेब, गोळी बंद केली आणि आईचं तोंड तर जास्तच चाललंय. आज जेवताना जीभ चावली. घरात चार स्ट्रिप पडल्या आहेत, परत सुरू करू का?"

या प्रकरणातली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही वेळ. कारण त्यांनी त्या रात्री कॅप्सूल दिली असती तर चार-आठ दिवसांत ओठ खरोखर शांत झाले असते. सगळ्यांना वाटलं असतं, गोळी बंद करणं हीच चूक होती. असं का होतं? सर्वमान्य समज असा आहे की वर्षानुवर्षं दारं अडवली गेली की मेंदू आणखी दारं उघडतो, असलेली जास्त हळवी करतो. अडवणारं औषध असेपर्यंत हे झाकलेलं राहतं. ते काढलं की नेहमीचं डोपामिनही त्या हळव्या दारांना खूप होतं. म्हणजे औषधच आजार घडवतं आणि औषधच तो झाकतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेलो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हे सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि चारही स्ट्रिप माझ्यासोबत घेऊन आलो. काकूंना विचारलं, "त्रास कितपत होतो?" म्हणाल्या, "मला एकटीला काही नाही हो. लोक बघतात तेव्हा होतो. भजनाला गेले होते, शेजारच्या बाई म्हणाल्या, विडा थुंकून या आधी." त्या दिवसापासून भजनी मंडळात जाणं बंद केलं होतं त्यांनी. पदर तेव्हापासूनचा.

तिसऱ्या महिन्यात कंप गेला. चाल सुधारली, वहीतलं अक्षर पुन्हा मोठं झालं. चौथ्या महिन्यात लेव्होडोपा उतरवून बंद केलं, काहीच बिघडलं नाही. पार्किन्सन नव्हता, याला आणखी बळ मिळालं. ओठांचे गुण दहावरून सातवर आले आणि तिथेच अडकले. सहा महिने वाट बघून मेंदूविकारतज्ज्ञांनी टेट्राबेनाझिन सुरू केलं, साडेबारा मिलिग्रॅम रात्री, मग दोन वेळा. या हालचालींसाठी परदेशात २०१७ मध्ये मंजूर झालेली व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही याच कुळातली औषधं. टेट्राबेनाझिनने मन खचू शकतं, म्हणून दर भेटीत आधी मनाचं विचारायचं, मग ओठांचं. मध्ये पंधरा दिवस काकू गप्प गप्प राहू लागल्या, तेव्हा मात्रा लगेच एकावर आणली. पूर्वीच्या सवयीने कंपासाठी देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी आम्ही मुद्दाम दिली नाही. ती तोंडाच्या हालचाली वाढवू शकते आणि या वयात स्मरणशक्तीवर परिणाम करते.

दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात. स्किझोफ्रेनिया किंवा तशा आजारासाठी डोपामिन अडवणारी औषधं चालू असतील तर हे वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत. तिथे औषध आयुष्य सावरून धरतं, आणि हालचाली दिसल्या तर मानसोपचारतज्ज्ञ मात्रा बदलू शकतात, क्लोझापिन किंवा क्वेटियापिनसारखं कमी धोक्याचं औषध निवडू शकतात. काकूंचं तसं नव्हतं, त्यांच्या पोटाला ते औषध पहिल्या काही आठवड्यांनंतर लागतच नव्हतं.

दुसरी गोष्ट तरुणांची. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत एखाद्या मुलीची मान वाकडी होते, डोळे वर जातात, जबडा अडकतो. घरचे घाबरून कुणा जाणत्याकडे नेतात, काही बाहेरचं झालं म्हणून. हा त्याच औषधाचा तातडीचा परिणाम आहे. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. तिला आधी दवाखान्यात आणा.

काकूंच्या प्रकरणाची नोंद आम्ही औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे केली. त्याचं केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा घरचेही नोंद करू शकतात, डॉक्टरच लागतो असं नाही. मी माझ्या चिठ्ठीत आता प्रत्येक औषधापुढे थांबण्याची तारीख लिहितो, आणि "चालू ठेवा" हे दोन शब्द लिहायचे सोडले आहेत. शेजारच्या मेडिकलमधल्या मुलालाही सांगून ठेवलं आहे, तारीख उलटलेली माझी चिठ्ठी आली तर औषध देऊ नकोस, फोन कर. महिन्यातून तीन-चार फोन येतात.

मागच्या भेटीत गुण चार होते. भजनाला काकू पुन्हा जातात. गाताना ओठ पूर्ण शांत असतात, हे त्यांनीच शोधून काढलं, म्हणून त्या आता टाळ सोडून पुढे बसून गातात. दुसरी कुणी गात असेल तर रुमाल हातात धरतात. दमल्या की संध्याकाळी जिभेचं टोक अजून डोकावतं. दिवाळी झाली की टेट्राबेनाझिन एक दिवसाआड करून बघायचं ठरलं आहे.